दोन कोरे फॉर्म

७ जानेवारी १९९६, रविवार

बाबांना बँकेतून दोन डायऱ्या मिळाल्या. एक आईनं घेतली, एक मला. बाबांच्या बँकेतले धनंजय काका, आमचे कोच, म्हणाले, "बोलत नाहीस तर निदान लिही. बॅटवालीच्या मागे बसणाऱ्या कॅचरला सगळं मैदान दिसतं. कोण कसं खेळतं ते लिहून ठेव." म्हणून लिहिते.

आज सॉफ्टबॉलच्या प्रॅक्टिसला धुकं एवढं होतं की समोरून बॉल टाकणारी पिचर दिसतच नव्हती. शर्मिष्ठा फेकायच्या आधी ओरडायची, "लीला, आ रहा है!" आणि मग बॉल धुक्यातून एकदम समोर यायचा. एक थेट नाकावर आला. मास्कमुळे वाचले.

मास्क मला फार आवडतो. आमच्याकडे एकच आहे, काका अमरावतीला कॉलेजात खेळायचे तेव्हाचा. त्याचं इलॅस्टिक गेलं होतं, आईनं नवं शिवून दिलं, माझ्या डोक्याच्या मापाचं. माझं डोकं मोठं आहे. मास्क घातला की कोणी तोंडाकडे बघत नाही आणि बोलायचं ते बोटांनी. एक बोट म्हणजे जोरात, दोन म्हणजे हळू. पिचर मान हलवते, झालं.

९ जानेवारी

काही नाही. पायाचे स्नायू दुखतात. बाबा म्हणाले दहावीचा प्रायव्हेट फॉर्म भर. मी ऐकलं नाही असं दाखवलं. शाळा सोडून दीड वर्ष झालं. नववीत बाईंनी हिंदीचा धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं आणि मी पूर्ण तासभर तशीच उभी राहिले, तोंड उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. मग राहूनच गेलं. आम्ही तेव्हा अमरावतीहून नुकतेच लखनऊला, निशातगंजला आलो होतो.

११ जानेवारी, गुरुवार

काका आज बँकेतून थेट घरी आले. चहा प्यायच्या आधीच म्हणाले, "सुधीर, तुझी पोरगी मला रविवारी पाहिजे. एक काम आहे, तीच करू शकते."

काम असं की फेब्रुवारीत जिल्ह्याची टूर्नामेंट आहे. प्रत्येक टीमला बाहेरच्या दोन खेळाडू घेता येतात. त्यांनी एकदा कोणाच्या फॉर्मवर सही केली की त्या वर्षी दुसऱ्याकडे जाता येत नाही. छावनीत एक मृणाल घोरपडे म्हणून आहे, सुभेदारांची मुलगी, मूळची साताऱ्याची. यूपीत तिच्यासारखी पिचर नाही म्हणतात. ती अजून कोणाकडे गेलेली नाही. नवज्योती क्लबचे गजेंद्र सर पण तिच्या मागे आहेत.

"आपल्यातलीच मुलगी आहे," काका म्हणाले. "मी गेलो तर तिचे वडील समोर येऊन बसणार आणि दोन तास फौजेच्या गोष्टी ऐकायला लागणार. तू जा. मुलीमुलींत काम होतं. मराठीत बोल, येईल."

आई म्हणाली, "ही बोलणार?"

"संक्रांत आहे. तिळगूळ घेऊन जाऊ दे. तिळगूळ घ्या म्हणायचं, फॉर्म पुढे करायचा. बोलायचं काय त्यात?"

फॉर्म दोन आहेत. दुसरा तिच्या बहिणीचा, अनघाचा. मृणाल फक्त तिलाच बॉल टाकते, कॅचर बदलला तर खेळत नाही. काका मला म्हणाले, "तुला आपण राइट फील्डला घेऊ. तिथं बॉल फार येत नाही, आराम आहे."

मी बरं म्हटलं. मला काही वाटलं नाही. राइट फील्डला मास्क लागत नाही.

१४ जानेवारी, रविवार

टेंपोनं हजरतगंज, तिथून रिक्षानं छावनी. रिक्षावाले भैया म्हणाले, "बिटिया, इतनी ठंड में अकेली?" मी डबा मांडीवर घट्ट धरला.

सदर बाजार ओलांडला की एकदम शांत होतं. रस्ते झाडलेले, झाडांचे बुंधे चुन्यानं रंगवलेले. क्वार्टर सापडलं. बेल वाजवायची गरजच पडली नाही, त्या दोघी मागच्या मैदानात होत्या. मी मेहंदीच्या कुंपणाशी उभी राहिले.

मृणाल उंच आहे. हात पूर्ण गोल फिरतो आणि बॉल खालून सुटतो, तो दिसत नाही, नुसता ग्लोव्हमधे वाजतो. असा आवाज शर्मिष्ठाच्या बॉलचा कधी आला नाही. मी मोजायला लागले, सवय आहे. दहा झाले की ती थांबायची, अनघाकडे पाठ करायची आणि डावा हात उजव्या खांद्यावर ठेवायची. मग परत. दुसऱ्या वेळी आठवर थांबली. तिसऱ्या वेळी सहावर, आणि त्यातले शेवटचे दोन वर गेले, अनघाला उठून घ्यावे लागले. मोठ्या खेळाडू अशी विश्रांती घेत असतील.

मग तिनं मला बघितलं. कुंपणापाशी आली. "किससे मिलना है?"

मी सगळं पाठ करून आले होते. मराठीत. तिनं हिंदीत विचारलं आणि माझं मराठी पण गेलं, हिंदी पण गेलं.

"पानी," मी म्हटलं.

ती आत गेली आणि ग्लास घेऊन आली. मी प्याले.

"और?"

मी मान हलवली. तिनं अजून एक आणला. तो पण प्याले. फॉर्मचं पाकीट माझ्या हातातच होतं, वर काकांच्या मोठ्या अक्षरात 'महानगर गर्ल्स सॉफ्टबॉल'. ती पाकिटाकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"कुछ और काम था?"

मी नाही म्हटलं आणि निघाले.

डबा तसाच घरी नेला असता तर आईला कळलं असतं. म्हणून येताना सगळा तिळगूळ खाल्ला. सोळा लाडू. दाढ दुखते आहे.

१५ जानेवारी

मैदानावर काकांनी लांबूनच विचारलं, "काय म्हणाली घोरपड्यांची?"

मी मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ काढला. मी खोटं बोलले नाही. बोललेच नाही.

"नाही म्हणाली? सरळ नाही?" काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तिळगूळ घेऊन नाही म्हणाली! काय पोरी असतात. जाऊ दे. भाव खाते आहे. लीला, घाल मास्क."

फॉर्म ट्रंकेत कागदाखाली ठेवलेत.

२८ जानेवारी, रविवार

मृणाल आणि अनघानं नवज्योतीचा फॉर्म भरला. शर्मिष्ठानं बातमी आणली. ती बंगाली आहे पण जन्म इथलाच, लखनऊच्या मुलींसारखी स्वतःला 'हम' म्हणते. "हमको तो पहले ही पता था। महारानी हैं, हमारे जैसों के साथ क्यों खेलेंगी?" मग सगळ्याच बोलल्या. आता मृणालचं नाव महारानी पडलं. काका पण हसले.

मला वाटलं सांगावं, ती वाईट नाही, तिनं स्वतःहून विचारून दुसरा ग्लास आणला. पण मग पुढचं पण सांगावं लागलं असतं.

२ फेब्रुवारी

काका आता आम्हाला जास्त वेळ शिकवतात. म्हणतात, "बाहेरून कोणी येणार नाही, आहेत त्यातच करायचं." शर्मिष्ठाला हळू बॉल नीट टाकायला शिकवला. ती दोन बोटांवर आता चिडत नाही. आज तिनं मला विचारलं, "तू इशारा करती है तो हमें लगता है सोच के करती है। सोचती है?" मी हो म्हटलं. "तो बोलती क्यों नहीं?" मी मास्क खाली केला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दोन मॅच, दोन्ही जिंकलो! मैदानात बघायला कोणी नाही, सगळे वर्ल्ड कपला चिकटलेत. बाबा आले होते पण कानाला ट्रान्झिस्टर लावून.

नवज्योती पण दोन्ही जिंकली. दोन्ही वेळा पूर्ण सात इनिंग मृणालच. त्यांच्याकडे दुसऱ्या पिचर आहेत, गजेंद्र सरांनी मैदानात उतरवल्याच नाहीत. ती ओळखणार म्हणून मी पाण्याच्या माठाकडे गेलेच नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

उशीर झालाय पण लिहिते.

सकाळी सेमीफायनल जिंकलो. नवज्योतीची पण झाली, परत मृणाल. दुपारी फायनल, आम्ही आणि त्या.

पहिल्या तीन इनिंगमधे आमच्या नऊच्या नऊ जणी आउट. बॉल दिसतच नव्हता. शर्मिष्ठा बॅट आपटत आली, "ये लड़की है कि तोप है?" त्यांचे दोन रन झाले होते. काका बाकावर बसून नखं खात होते.

मी मोजत होते. काल दहावर थांबायची, आज सातवर. पाठ करायची, खांदा धरायची आणि त्याच्या पुढचे दोन-तीन बॉल वर जायचे. आमच्या मुली घाबरून त्या वरच्या बॉलवर पण बॅट फिरवत होत्या आणि आउट होत होत्या.

कसं झालं माहीत नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "खेळू नका."

सगळ्या बघायला लागल्या. काका म्हणाले, "काय?"

"बॉल सोडा. मारूच नका. तिला टाकू द्या. सातनंतर तिचा हात... वर जातो बॉल. जेवढे टाकेल तेवढे वर जाणार."

शर्मिष्ठा म्हणाली, "ये बोली! सुना सबने? हिंदी में बोल, लीला, हिंदी में!" मी हिंदीत परत सांगितलं. सगळं. तोंडातून हिंदी येत होतं आणि मास्क पण नव्हता घातलेला.

चौथ्या इनिंगला आम्ही बॅट खांद्यावर ठेवून उभ्या राहिलो. पहिली आउट झाली. दुसरीला चार बॉल बाहेर गेले, ती फुकट पहिल्या बेसवर. तिसरी पण तशीच. गजेंद्र सर ओरडत होते, "सीधा डाल, मृणाल, सीधा!" चौथी मी होते.

मी तिच्या समोर उभी होते आणि तिनं मला ओळखलं. हसली थोडी. मी बॅट हलवली नाही. एक, दोन. दुसरा स्ट्राइक होता, अगदी सरळ आलेला. तिसरा माझ्या डोक्यावरून गेला. चौथा टाकताना हात वर गेला आणि खाली आलाच नाही नीट. बॉल तिच्या पायापाशी पडला. ती गुडघ्यावर बसली. ओरडली नाही. डाव्या हातानं खांदा धरून मातीकडे बघत बसली. अनघा मास्क फेकून धावली.

मग त्यांनी दुसरी पिचर आणली. तिला कोणी तयारच केलं नव्हतं. आम्ही सहा-दोननं जिंकलो.

काकांनी कप माझ्या हातात दिला. पहिल्यांदा माझ्या. शर्मिष्ठानं मला उचललं. बाबा सगळ्यांना सांगत होते, "आमची लीलावती! हिनं सांगितलं!"

१९ फेब्रुवारी

कप निशातगंजला आमच्या टीव्हीवर आहे, दोन दिवस. आईनं क्रोशाचा रुमाल घातलाय खाली.

झोपताना तो चौथा बॉल दिसतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

काकांनी कपूरथला चौकातल्या हलवायाकडे सगळ्यांना समोसे दिले. शर्मिष्ठाला कुठून तरी कळलं की मृणालच्या खांद्यातलं काहीतरी फाटलंय, मिलिटरी हॉस्पिटलात दाखवलं, सहा महिने बॉलला हात लावायचा नाही. त्यानंतर पण बघू म्हणालेत.

"बच गए हम लोग," शर्मिष्ठा म्हणाली. "सोचो, हमारे यहाँ आ जाती तो?"

काका म्हणाले, "खरंय. देवानंच वाचवलं. ती हो म्हणाली असती ना, तर सगळा डाव मी तिच्यावरच लावला असता. तुम्हाला कोणाला शिकवलंच नसतं. नशीब आपलं की नाही म्हणाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महारानीच्या नावानं एक समोसा जास्त मागवला. माझा पानात तसाच राहिला, तो पण शर्मिष्ठानं खाल्ला.

ती नाही म्हणालीच नव्हती. आणि तिचा खांदा दुखतो हे चौदा जानेवारीपासून मला माहीत होतं. वर याच डायरीत लिहिलंय. आज मागचं पान काढून वाचलं. दहा, आठ, सहा. मी विश्रांती लिहिलंय.

३ मार्च, रविवार

आज प्रॅक्टिस संपल्यावर सगळ्या जाईपर्यंत थांबले. काका बेस उचलत होते. मी दोन्ही फॉर्म पाकिटासकट त्यांच्या पुढे धरले.

"हे काय?"

"मी विचारलंच नाही तिला. पाणी प्याले आणि आले."

काकांना कळायला वेळ लागला. मग ते बेसवर बसले, चष्मा काढला आणि पुसत राहिले. "म्हणजे ती नाही म्हणालीच नव्हती."

"नाही."

"आणि मी चारचौघांत तिला भावखाऊ, अमकं तमकं..." त्यांनी चष्मा परत घातला. "तिळगूळ?"

"मी खाल्ला."

"सगळा?"

"सोळा होते."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "घाबरलीस ना तिथं?"

मी हो म्हटलं. मग खांद्याचं पण सांगितलं, मोजलेलं सगळं. त्यावर ते म्हणाले, "तू मला फायनलमधे सांगितलंस तेव्हा मला पण विचारायला पाहिजे होतं, तिचा हात वर का जातो म्हणून. मी नाही विचारलं. मला कप दिसत होता." मग पाकीट माझ्या हातात परत दिलं. "जाऊन ये. मी बरोबर येत नाही. तारीख खोडली की हे पुढच्या वर्षाला चालतील. पण फॉर्मसाठी जाऊ नकोस. आधी ते सांग."

५ मार्च

होळी. रंग कानातून निघत नाही.

१० मार्च, रविवार

परत तेच. टेंपो, रिक्षा, सदर बाजार. आईनं विचारलं कुठं, मी खरं सांगितलं. तिनं डबा दिला, रव्याचे लाडू. म्हणाली, "आता यातला एक जरी खाल्लास ना."

या वेळी बेल वाजवली. मृणालनंच दार उघडलं. उजवा हात गळ्यात अडकवलेला. तिनं मला बघितलं, दोन सेकंद, आणि म्हणाली, "पानी?"

"नाही," मी म्हटलं. "बोलायचंय."

तिनं आत घेतलं. अनघा जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर राहून गेलं असतं. की मी फॉर्म घेऊन आले होते आणि विचारलं नाही. की सगळ्या तुम्हाला नको ते बोलल्या आणि मी ऐकून घेतलं. की तुमचे बॉल मी मोजले होते, दहा, आठ, सहा. की फायनलला बॉल सोडा, तिला टाकायला लावा असं मीच सांगितलं. की तिळगूळ खाल्ला.

"वो भी?" मृणाल म्हणाली.

अनघाचा ब्रश थांबला होता.

"तुमने गिने थे," मृणाल म्हणाली. मग मराठीत, अडखळत, माझ्यापेक्षा पण जास्त. "कोणाला नाय दिसलं. पप्पांना नाय. सरांना मी सांगितलं, दुखतं, ते बोलले फायनल के बाद. ही तर रोज समोर बसते, हिला पण नाय दिसलं."

"दीदी, तुम पीठ कर लेती थीं," अनघा म्हणाली. रडवेली झाली.

"पाकीट बघितलं होतं मी," मृणाल मला म्हणाली. "वाट बघत होते, आता विचारेल, आता विचारेल. तू विचारलं असतं तर सही केली असती. गजेंद्र सरांपेक्षा तू बरी वाटली."

मी सॉरी म्हटलं. तिनं ठीक आहे असं म्हटलं नाही. खिडकीतून मागचं मैदान दिसतं, तिकडे बघत राहिली. मग विचारलं, "मैं तुम्हारी टीम में होती, तुम सामने होतीं, तो रोकतीं मुझे?"

मी विचार केला. "माहीत नाही ताई. बहुतेक बोलले नसते."

त्यावर ती हसली, अगदी खरं हसली, आणि खांदा दुखला म्हणून लगेच थांबली. "सच तो बोलती है."

"डर गई थी उस दिन?" अनघानं विचारलं.

काकांना मी हो म्हटलं होतं. आता पण तेच म्हणणार होते. पण ती खाली मांडी घालून बसली होती आणि तिच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर तसलेच काळे चट्टे होते जसे माझे आहेत, रोज उकिडवं बसून झालेले. हो म्हणवेना. दुसरा फॉर्म माझ्या जागेचा होता.

मृणालनं लाडू खाल्ला. म्हणाली, "मेरा तो अब पता नहीं. फॉर्म आणलाय?"

मी पाकीट काढलं. तिनं स्वतःचा फॉर्म बघितला आणि कोराच मला परत दिला. "ये रखो. ठीक हुआ तो आकर माँग लूँगी." दुसरा अनघापुढे ठेवला. "हिला घ्या. नवज्योतीत नाही पाठवणार आता. पण हिला एकच जागा येते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

पेन माझ्याकडेच होतं. मी दिलं. अनघानं पॉलिशचे हात फ्रॉकला पुसले आणि भरायला लागली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता. पोझिशनच्या रकान्याशी थांबून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून. तिनं 'कॅचर' लिहिलं. अक्षर छान आहे तिचं.

निघताना मृणालनं न विचारता पाणी आणून दिलं.

मास्क घरी आणलाय. अनघाचं डोकं लहान आहे, इलॅस्टिक सैल होईल तिला. उद्या एक टाका घालून ठेवते.